विलायती वैशाख

इंग्रजी पॉप संगीतात वसंताच्या उत्तरार्धात, म्हणजे साधारण मे महिन्यात, ऐकायच्या गाण्यांचा एक वेगळा वर्ग मानला जातो. या गाण्यांत ऊन असते, निळे आकाश असते, टाळ्या असतात आणि दुःखाला पहिल्या कडव्यापुढे थारा नसतो. गाणारा घराबाहेर पडलेला असतो किंवा पडण्याच्या बेतात असतो. तो कुठे निघाला आहे हे कधीच सांगितले जात नाही. कामावर निघालेला नाही, एवढे मात्र चालीवरून ओळखता येते.

पंचांगाप्रमाणे चैत्र-वैशाख म्हणजे वसंत. त्यामुळे लंडनचा मे आणि चंद्रपूरचा मे हे दोन्ही शास्त्राने वसंतच. चंद्रपुरात या वसंतात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही आणि सूर्याविषयी लोक जे बोलतात ते चालीवर बसवण्याजोगे नसते. सूर्याला पाहून हुरळून जाणारी ही गाणी विदर्भात का जन्मली नाहीत, यावर वेगळा प्रबंध लिहिण्याची गरज नाही. कौतुक दुर्मीळ पाहुण्याचे होते. मुक्काम ठोकून बसलेल्याचे होत नाही.

इंग्लंडात हा पाहुणा खरोखरच दुर्मीळ असतो. डिसेंबरात लंडनचा दिवस जेमतेम आठ तासांचा, आणि त्या आठ तासांतही सूर्य हजेरी लावेलच असे नाही. मेच्या अखेरीस तोच दिवस सोळा तासांच्या वर जातो. कचेरी सुटल्यावरही बाहेर ऊन असते आणि त्याचे करायचे काय, हा इंग्रज माणसापुढचा गंभीर प्रश्न होऊन बसतो. तो शर्ट काढून बागेत आडवा होतो, संध्याकाळपर्यंत उकडलेल्या कोळंबीसारखा लाल होतो आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत ती लाली अभिमानाने मिरवतो. २०२० चा मे हा ब्रिटनच्या हवामान खात्याच्या तोवरच्या नोंदींत सर्वाधिक उन्हाचा महिना ठरला. तब्बल २६६ तास ऊन. नेमका त्याच महिन्यात सारा देश टाळेबंदीत घरी बसला होता. इतका चोख योग पत्रिका मांडूनही जुळवता आला नसता.

या वर्गातल्या गाण्यांचा विचार बीटल्सपासून सुरू करण्याची प्रथा आहे आणि ती मोडण्याचे कारण नाही. १९६६ सालच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बममध्ये ‘गुड डे सनशाइन’ हे गाणे आहे. पॉल मॅकार्टनीला ते सुचले ‘लव्हिन स्पूनफुल’ या अमेरिकन बँडच्या ‘डेड्रीम’वरून. चहा आणि मिरीप्रमाणे ऊनही बाहेरून मागवण्याची पद्धत इंग्लंडात रूढ होती, असे यावरून म्हणता येते.

पक्के स्वदेशी इंग्लिश ऊन गाण्यात यायला १९६९ चा एप्रिल उजाडावा लागला. बीटल्सनी तोवर ‘ॲपल’ नावाची स्वतःची कंपनी काढली होती. जगातल्या सर्वांत लोकप्रिय बँडचे चार सदस्य सकाळी उठून हिशेबनिसांसमोर बसत आणि कागदांवर सह्या करत. जॉर्ज हॅरिसनने एके दिवशी सरळ दांडी मारली. तो सरे परगण्यातल्या एरिक क्लॅप्टनच्या घरी गेला, त्याचीच एक गिटार मागून घेतली आणि बागेत फिरता फिरता ‘हिअर कम्स द सन’ रचले. कामाला दांडी मारून निर्माण झालेल्या वाङ्मयात या गाण्याचा क्रमांक फार वरचा लागतो. गाण्यात लांबलेल्या हिवाळ्याचा आणि परतलेल्या हसूचा उल्लेख आहे, मीटिंगचा नाही. पण ती न ऐकताही कळते.

गाणे ऐकताना सोपे वाटते आणि वाजवायला घेतले की बोटे अडकतात. हॅरिसनने गिटारच्या सातव्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावला आहे, त्यामुळे तारांचा आवाज उंच आणि कोवळा येतो. मधल्या भागात, जिथे सूर्याचे नाव पुन्हा पुन्हा घेतले जाते, तिथे ताल घसरल्यासारखा वाटतो. तो घसरलेला नसतो. मात्रांची अशी विषम वाटणी करून पुन्हा बरोबर समेवर येण्याचे वेड हॅरिसनला रविशंकरांच्या सहवासात लागले होते. १९६८ च्या जानेवारीत तो मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांसोबत रेकॉर्डिंगही करून गेला होता. तबल्याच्या संगतीने वाढलेल्या श्रोत्याला त्या जागेत तिहाईचा वास लगेच येतो. लिव्हरपूलच्या श्रोत्याला फक्त एवढेच जाणवते की टाळी चुकली आणि तरी बरे वाटले.

वसंताचे म्हणून गाजलेले हे गाणे रेकॉर्ड व्हायला जुलै उजाडला. त्या सुमारास जॉन लेनन स्कॉटलंडमध्ये मोटार अपघात होऊन पडला होता, त्यामुळे या गाण्यात तो नाही. हे गाणे असलेला अल्बम बाजारात आला २६ सप्टेंबरला, झाडांची पाने गळायला लागल्यावर. पॉप संगीतात ऋतू आणि उत्पादन यांचा मेळ असतो, अशी समजूत असणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

या गाण्याचा पुढचा प्रवास थेट अंतराळाच्या दाराशी जाऊन थांबला. १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर पाठवायच्या सोनेरी मुलाम्याच्या तबकडीवर ते घालावे, असे कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मनात होते. चारही बीटल्सनी होकार दिला. पण हक्क त्यांच्याकडे नव्हते आणि कायद्याची बाजू फारच गढूळ दिसल्याने बेत सोडावा लागला, असे सेगन यांनी लिहून ठेवले आहे. ज्या कागदपत्रांना कंटाळून गाणे लिहिले गेले, त्याच जातीच्या कागदपत्रांनी ते पृथ्वीवर अडवून ठेवले. सूर्याकडे पाठ करून निघालेल्या यानावर सूर्य येतोय असे सांगणारे गाणे शोभलेही नसते म्हणा. त्या तबकडीवर भारतातून गेली ती गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. सूर्यमाला सोडून चाललेल्याला विचारण्याजोगा दुसरा प्रश्न नाही, आणि भैरवी लागली म्हणजे मैफल आटोपली हे परग्रहावरच्या रसिकांनाही यथावकाश कळेल.

उन्हाची गाणी उन्हात तयार होत नाहीत, हा नियम अमेरिकेतही लागू पडतो. टेम्प्टेशन्सचे ‘माय गर्ल’ हे त्याचे ठळक उदाहरण. बाहेर थंडी असली तरी मनात मे महिना आहे, असा त्यातल्या नायकाचा दावा असतो. गाणे बाहेर पडले १९६४ च्या डिसेंबरात, डेट्रॉइट शहरातून. डेट्रॉइटच्या डिसेंबरात मे महिना मनातच ठेवावा लागतो. दुसरीकडे कुठे जागा नसते.

लुई आर्मस्ट्राँगच्या ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’ची कथा याहून सुरस आहे. झाडे हिरवी, गुलाब लाल, आभाळ निळे अशी रंगांची यादी देणारे हे गाणे १९६७ च्या ऑगस्टमध्ये लास व्हेगासला, मध्यरात्र उलटल्यावर रेकॉर्ड झाले. आर्मस्ट्राँगचा हॉटेलातला रात्रीचा कार्यक्रम संपल्यावर मंडळी स्टुडिओत जमली. वाळवंटात, रात्री, बंद खोलीत. कंपनीचे अध्यक्ष लॅरी न्यूटन तिथे आले होते. त्यांना आर्मस्ट्राँगकडून ‘हॅलो डॉली’सारखे उडते गाणे हवे होते, हे संथ गाणे ऐकून त्यांचे माथे भडकले आणि ते रेकॉर्डिंग बंद पाडायला निघाले. तेव्हा त्यांना बाहेर काढून स्टुडिओचे दार आतून लावून घेण्यात आले. जग किती सुंदर आहे हे आत गायले जात असताना अध्यक्ष बाहेर दार ठोठावत होते. त्यातच जवळून जाणाऱ्या मालगाड्यांच्या शिट्ट्यांनी चांगले जमत आलेले टेक वाया गेले. वादकांना जादा वेळेचे पैसे मिळावेत म्हणून आर्मस्ट्राँगने स्वतः किमान मेहनतान्यावर समाधान मानले. पहाट झाली तेव्हा गाणे पूर्ण झाले होते. झाडे, गुलाब किंवा आभाळ यांपैकी काहीही त्या रात्री कोणाला दिसले असण्याची शक्यता नाही.

रागावलेल्या अध्यक्षांनी अमेरिकेत या रेकॉर्डची जाहिरात केलीच नाही. तिथे तिच्या हजार प्रतीही खपल्या नाहीत. ब्रिटनमध्ये मात्र १९६८ च्या एप्रिलअखेर ती पहिल्या क्रमांकावर पोचली आणि ऐन मे महिन्यात तिथेच बसून राहिली. आर्मस्ट्राँग तेव्हा ६६ वर्षांचा होता. अमेरिकेला या गाण्याची आठवण झाली ती १९८७ च्या ‘गुड मॉर्निंग, व्हिएतनाम’ या चित्रपटामुळे. चित्रपटातली कथा घडते १९६५ मध्ये, म्हणजे गाणे जन्माला येण्याच्या दोन वर्षे आधी. पण तोवर सर्वांना ते अनादिकाळापासून असल्यासारखेच वाटू लागले होते, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही.

बिल विदर्सचे ‘लव्हली डे’ १९७७ चे. त्याच्या शेवटाकडे विदर्स एक सूर सलग अठरा सेकंद धरून ठेवतो आणि पॉपच्या जगात याचा मोठा बोलबाला आहे. सवाई गंधर्व महोत्सवात अठरा सेकंदांचा षड्ज लागेपर्यंत श्रोते अजून सतरंजीवर बूड टेकत असतात. तरी पॉपच्या मानाने हा दमसास मोठाच. विदर्सची खरी थोरवी वेगळीकडे आहे. गायक होण्यापूर्वी तो विमानांची शौचालये तयार करणाऱ्या कारखान्यात कामाला होता, आणि १९७१ साली पहिली रेकॉर्ड निघाली तरी त्याने नोकरी सोडली नाही. त्या अल्बमच्या मुखपृष्ठावर तो कारखान्याच्या दाराशी जेवणाचा डबा हातात घेऊन उभा आहे. फोटो जेवणाच्या सुट्टीत काढला होता. संगीत हा बेभरवशाचा धंदा आहे, हे मध्यमवर्गीय मराठी वडिलांचे म्हणणे ज्या अमेरिकन गायकाने आचरणात आणले, त्याला उल्हासाचे गाणे सुचावे यात नवल नाही. महिन्याचा पगार येत असेल तर दिवस छान दिसतो.

‘वॉकिंग ऑन सनशाइन’ हे या वर्गातले सर्वांत गोंगाटी गाणे. बँडचे नाव कॅटरिना अँड द वेव्हज. गायिका अमेरिकन, गाणे रचणारा इंग्रज. त्याचे नाव किम्बर्ली असले तरी तो पुरुष आहे. १९८३ मध्ये एकदा आणि नंतर नव्याने रेकॉर्ड करून १९८५ मध्ये, असे ते दोनदा बाजारात आले आणि दुसऱ्या वेळी चालले. शीर्षकात उन्हावरून चालण्याची कल्पना आहे. नागपुरात मे महिन्यात ती अमलात आणायची तर पायात वहाण, डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा एवढा सरंजाम लागतो आणि नाचायला हात मोकळे राहत नाहीत. याच बँडने ३ मे १९९७ रोजी ‘लव्ह शाइन अ लाइट’ गाऊन ब्रिटनला युरोव्हिजन स्पर्धा जिंकून दिली. तेही किम्बर्ली रूचेच गाणे. त्यानंतर ब्रिटनला ती स्पर्धा पुन्हा जिंकता आलेली नाही. प्रकाश आणि ऊन यांचा एवढा साठा एकाच माणसाकडे ठेवणे धोक्याचे असते.

ऊन नसूनही या वर्गात बसणारे एक गाणे म्हणजे ‘डोन्ट वरी, बी हॅपी’. जगातले निम्मे लोक ते बॉब मार्लीचे समजतात. मार्ली ११ मे १९८१ रोजी वारला आणि हे गाणे आले १९८८ मध्ये, त्यामुळे या मताचा फेरविचार व्हायला हरकत नाही. मार्लीचे चिंता-नको-छापाचे गाणे म्हणजे तीन चिमण्या पाखरांचे ‘थ्री लिटल बर्ड्स’. ‘डोन्ट वरी’ गायले बॉबी मॅकफेरिनने. त्यात एकही वाद्य नाही. शीळ, बास, ताल, मागचे आवाज, सगळे त्याने स्वतःच्या तोंडाने आणि अंगाने काढून एकावर एक रचले आहे. वाद्यांशिवाय अमेरिकन यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेले ते पहिले गाणे.

त्याचे मूळ मात्र महाराष्ट्रात सापडते. मॅकफेरिनने ही ओळ वाचली ती सॅन फ्रान्सिस्कोत टक आणि पॅटी या जॅझ गाणाऱ्या जोडप्याच्या घरातल्या पोस्टरवर. पोस्टर होते मेहेरबाबांचे. मेहेरबाबांचा जन्म पुण्यातला, शिक्षण डेक्कन कॉलेजातले, समाधी अहिल्यानगरजवळच्या मेहेराबादला. त्यांनी १० जुलै १९२५ पासून मौन धरले ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत सोडले नाही. आधी अक्षरे मांडलेल्या पाटीवर बोट फिरवून आणि पुढे नुसत्या हातवाऱ्यांनी ते बोलत. ज्या माणसाने ४३ वर्षे तोंडातून शब्द काढला नाही, त्याच्या वचनाचे गाणे निव्वळ तोंडाने वाजवून जगाने डोक्यावर घेतले. मूळ संदेशात आधी आपल्याकडून होईल तेवढे सगळे करा, मग चिंता सोडा, असा क्रम होता. पोस्टरवर येता येता पहिला भाग गळाला आणि गाण्यात तर त्याचा मागमूसही उरला नाही. वसंतात ऐकायच्या गाण्यात काम करण्याची अट राहिली असती तर ते एवढे चालले असते की नाही, याबद्दल शंका आहे. गाणे आले त्याच वर्षी अमेरिकन अध्यक्षपदाच्या निवडणुकीत थोरल्या बुशच्या प्रचारात हे गाणे वाजू लागले, तेव्हा मॅकफेरिनलाच चिंता वाटली आणि त्याने हरकत घेतली.

महाराष्ट्राशी नाते असलेला दुसरा धागा पाचगणीचा. झांझिबारला जन्मलेल्या फारोख बलसाराला आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवले गेले. तिथे तो पियानो शिकला, ‘हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी बँडमध्ये वाजवू लागला आणि पुढे लंडनला जाऊन फ्रेडी मर्क्युरी झाला. आता मला अडवू नका, अशा अर्थाचे ‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’ त्याने १९७८ मध्ये क्वीनसाठी लिहिले. मे महिन्याच्या शनिवारी पसरणी घाटात अडकलेल्या गाड्यांमध्ये हे गाणे लावल्यास त्यातला आर्त भाव अधिक पोचतो. क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे याला ते फारसे रुचले नव्हते. मर्क्युरीची उधळलेली राहणी त्यातून डोकावते, असे त्याला वाटे. गाण्यात गिटारला एका सोलोपुरतीच जागा मिळाली आहे, ही गोष्टही विसरता येत नाही.

हेच गाणे पुढे शास्त्रीय कसोटीवर जगातले सर्वांत उल्हसित ठरले. २०१५ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या एका संशोधकाने ब्रिटनमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या सांगण्यावरून आनंदी गाण्याचे सूत्र मांडले. मिनिटाला दीडशेच्या आसपास ठोके, मेजर सप्तक आणि शब्दांत आनंदाचा मजकूर, असे त्याचे तीन खांब. क्वीनचे गाणे पहिले आले, ‘वॉकिंग ऑन सनशाइन’ दहावे. सूत्राची गंमत मधल्या क्रमांकांवर आहे. पाचव्या स्थानी ‘आय ऑफ द टायगर’ आणि नवव्या स्थानी ‘आय विल सर्व्हाइव्ह’. ही दोन्ही गाणी मायनरमध्ये आहेत. एकात मारामारीची तयारी चालू आहे, तर दुसऱ्यात सोडून गेलेला प्रियकर परत आल्यावर त्याला दार दाखवले जाते. लोकांना कशाने बरे वाटते, याचा अंदाज बांधताना विद्यापीठांनी या दाराची दखल घ्यायला हवी.

सूत्र बाजूला ठेवले तरी या गाण्यांची घडण बघण्यासारखी आहे. मेजर सप्तक म्हणजे आपला बिलावल थाट, सगळे स्वर शुद्ध. कोमल स्वरांना सुट्टी दिलेली असते. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. भजनात वाढलेला हात पहिल्या मात्रेवर पडतो, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या इंग्रजी कार्यक्रमांत निम्मे सभागृह एका बाजूला आणि निम्मे दुसऱ्या बाजूला टाळ्या वाजवत असते; कलाकार याला प्रचंड प्रतिसाद समजतो. सांगण्यासारखे शब्द संपले की ‘ना ना ना’ किंवा ‘हे हे’ सुरू होते आणि लोक सर्वांत मोठ्याने तेच गातात.

शेवटचे अस्त्र म्हणजे पट्टी चढवणे. धृपद दोन-तीनदा झाले आणि श्रोता फोनकडे बघू लागला की सगळे गाणे उचलून वरच्या पट्टीत नेले जाते. ‘माय गर्ल’ पांढरी एकमध्ये सुरू होते आणि मधल्या वाद्यांनंतर पांढरी दोनमध्ये जाते. नवे काही सांगितलेले नसते. तेच वाक्य एक पायरी वर चढून म्हटलेले असते आणि ऐकणाऱ्याला आयुष्यात प्रगती झाल्यासारखे वाटते. बियॉन्सेने २०११ च्या ‘लव्ह ऑन टॉप’मध्ये एकामागून एक चार वेळा पट्टी चढवली. ते गाणे कराओकेत निवडणाऱ्याला ही गोष्ट तिसऱ्या चढावाच्या सुमारास समजते आणि तोवर माघार घेण्याची वेळ टळलेली असते.

एवढा उल्हास निर्माण करणाऱ्यांना तो नेहमी पेलतोच असे नाही. आर.ई.एम. या गंभीर बँडने १९९१ च्या मे महिन्यात ‘शायनी हॅपी पीपल’ हे सिंगल काढले, ते अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत पहिल्या दहांत गेले, आणि २००३ साली निवडक गाण्यांचा संग्रह काढताना बँडने ते चक्क वगळले. घरातल्या एका सदस्याचे नाव लग्नपत्रिकेत न छापण्याचा हा प्रकार. फॅरेल विल्यम्सचे २०१३ चे ‘हॅपी’ एका ॲनिमेशनपटासाठी लिहिलेले. त्याचा व्हिडिओ चोवीस तासांचा होता, आणि तो सलग पाहणाऱ्याला शीर्षकाशी सहमत राहणे कठीण जात असणार. या गाण्यावर नाचल्याचा व्हिडिओ केला म्हणून २०१४ च्या मे महिन्यात तेहरानमध्ये काही तरुण-तरुणींना अटक झाली आणि पुढे त्यांना तुरुंगवासाची आणि फटक्यांची स्थगित शिक्षा सुनावली गेली. आनंदी असणे हा कुठे गुन्हा आहे, असे सहज म्हटले जाते. तिथे तो दाखल झाला.

धंद्याच्या दृष्टीने मे हा पेरणीचा महिना. अमेरिकेत मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे येतो आणि तेव्हापासून सप्टेंबरातल्या लेबर डेपर्यंत ‘उन्हाळ्याचे गाणे’ कोणते, याची बिलबोर्ड हे नियतकालिक वेगळी यादी ठेवते. त्यामुळे कंपन्या एप्रिल-मेमध्येच माल उतरवतात. जस्टिन टिंबरलेकचे ‘कान्ट स्टॉप द फीलिंग’ ज्या चित्रपटासाठी होते तो यायचा होता २०१६ च्या नोव्हेंबरात. गाणे मात्र ६ मेलाच बाजारात आले. चित्रपट थांबू शकतो, ऊन थांबत नाही.

महाराष्ट्रात ही गाणी मे महिन्यात बहुतेक करून वातानुकूलित जागी ऐकली जातात. मॉल, जिम, सोसायटीच्या सभागृहातला रविवारचा झुंबा ही त्यांची मुख्य ठिकाणे. सूर्यावर एवढे प्रेम व्यक्त करायचे तर तो काचेपलीकडे असलेला बरा. गोव्यात ईस्टरनंतरच्या लग्नांत बँड ही गाणी झोकात वाजवतात आणि तिथे ती खरोखर शोभतात. उसगाव आणि विलायतेतले मराठी लोक या बाबतीत दोन्हीकडचे असतात. एप्रिलपर्यंत ते सूर्यासाठी झुरतात, मेमध्ये बागेतल्या बार्बेक्यूला इंग्रजांच्या बरोबरीने डोलतात आणि पहिल्या वीस मिनिटांत खुर्ची सावलीत ओढून घेतात.

ऐकण्याचा क्रम ज्याचा त्याने ठरवावा, पण इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्राचे ‘मिस्टर ब्लू स्काय’ शेवटी ठेवावे असा संकेत आहे आणि त्याला कारण आहे. बर्मिंगहॅमचा जेफ लिन १९७७ मध्ये गाणी लिहायला स्विस आल्प्समधल्या एका बंगल्यात जाऊन राहिला. दोन आठवडे बाहेर निव्वळ धुके होते. तसले धुके बघायला पुणेकर पेट्रोल जाळून माळशेज घाटात जातात. लिनला मात्र एक ओळ सुचेना. मग एके दिवशी ऊन पडले, डोंगर दिसले आणि पुढच्या दोन आठवड्यांत त्याने चौदा गाणी लिहिली. निळ्या आकाशाचे हे स्तोत्र रेकॉर्ड झाले म्युनिकमधल्या एका उंच इमारतीच्या तळघरात, जिथून आकाश दिसत नाही. त्यात घंटेसारखा जो ठणका ऐकू येतो तो आग विझवण्याच्या नळकांड्यावर मारलेला आहे. दोन तबकड्यांच्या त्या अल्बमची तिसरी बाजू पावसाळी दिवसाला वाहिलेली असून आधीची तीन गाणी पावसात, चाकांत आणि विजांत घालवल्यावर हे चौथे येते. ते संपता संपता यंत्रातून काढलेला एक घोगरा आवाज काहीतरी पुटपुटतो. पुष्कळांना तो गाण्याचे नावच घेतोय असे वाटते. प्रत्यक्षात तो तबकडी उलटवण्याची विनंती करत असतो, कारण बाजू संपलेली असते. फोनवर ऐकणाऱ्यांना या सूचनेचे पालन करता येत नाही. फोन उलटा ठेवला तरी पुढचे गाणे लागतेच, आणि ते बहुधा जाहिरातीनंतर लागते.